दुसऱ्या अल्टरनेटरवरचा फुकट्या

१

सकाळी गॅरेजचं शटर वर गेलं की गल्लीला दोन आवाज ऐकू यायचे. पहिला शटरचा, दुसरा फ्यूजकाकांचा. शटरला तेल घातलं की ते चार दिवस गप्प बसायचं. काकांना तेल घालायची सोय त्यांना घडवणाऱ्याने ठेवलेलीच नव्हती.

काका गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. बोट फुलासारखं हलकं आणि तोंड नांगरासारखं. डोकं पटकन उडायचं म्हणून फ्यूज, केस पिकले म्हणून काका. तोंडावर असं म्हणायची छाती फक्त पेंटरची होती. पेंटर म्हणजे काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याची गाड्या रंगवायची शेड गॅरेजला लागूनच. मध्ये छातीएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून दिवसभर दाजी-मेव्हण्याची जुगलबंदी चालायची. मागच्या बाजूला घर. स्वयंपाकघराचं दार थेट गॅरेजच्या आवारात उघडायचं, त्यामुळे काकांचं सगळं ओरडणं काकूंना ताजं ताजं मिळायचं.

त्या सकाळी आवारात लेकीची जीप येऊन उभी राहिली. उंच, चिखलाचे डाग अंगावर मिरवणारी, डोंगर-दगड तुडवणारी जीप. लेक पाणी तपासायच्या नोकरीत होती. लांब माळावर, जिथे रस्ता नाही की फोनला रेंज नाही, तिथल्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायचं, गाडीतल्या फ्रीजमध्ये थंड ठेवायचं आणि परत आणायचं.

"बाबा, दुसरा अल्टरनेटर बसवायचाय," ती उतरता उतरता म्हणाली.

"का? पहिला काय संपावर गेलाय?"

"बॅटरी भरायला पहिला एकटा पुरत नाही. फ्रीज आहे, पाण्याचा पंप आहे, गाडी चिखलातून ओढायचा विंच आहे, वायरलेस आहे. मागच्या वेळी बॅटरी बसली. बरोबर दुसरी गाडी होती म्हणून परत आले. या खेपेला मी एकटीच आहे."

काकांचा हात पान्यावर होता तो तिथेच राहिला.

"एकटी? तुझ्या त्या साहेबाला काही लाज? पोरगी एकटी रानात पाठवतो आणि स्वतः पंख्याखाली बसतो! दे त्याचा नंबर."

"नंबर नाही देणार. अल्टरनेटर बसवा."

"ठमे, मी सांगतो ते ऐक."

"बाबा, मी सांगते ते बसवा."

भिंतीवरून पेंटरचं डोकं वर आलं. "दाजी, हिचा फ्यूज तुमच्याच कारखान्यातला आहे. उगाच लागू नका नादी."

२

नवा अल्टरनेटर मिळायला वेळ लागणार होता आणि लेकीला थांबायला वेळ नव्हता. काका भंगारवाल्याकडे गेले. भंगारवाल्याने पोत्यातून एक काढून दिला. जड, स्वच्छ, पुली हातानं फिरवली तर लोण्यासारखी फिरणारी.

"कुठल्या गाडीचा?"

"गाडी आलीच नाही काका. नुसता हाच आला."

"म्हणजे? पायी चालत आला?"

"मला काय माहीत? पोतं होतं, पोत्यात हा होता. नको असेल तर ठेवा."

काकांनी भंगारवाल्याचे पूर्वज काढले आणि अल्टरनेटर घेऊन आले.

काम चोख झालं. इंजिनाच्या मोकळ्या बाजूला जाड पत्र्याचं ब्रॅकेट, दोन्ही पुल्या एका रेषेत, पट्टा अंगठ्याने दाबला तर दबेल इतपतच ताणलेला. दुसऱ्या अल्टरनेटरला त्याची त्याची वेगळी बॅटरी. पहिल्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. एक मेला तर दुसऱ्याने सुतकसुद्धा पाळायचं नाही, अशी मांडणी. डॅशबोर्डवर दोघांना दोन वेगळे मीटर. मीटरचा काटा सांगणार, कोण किती करंट देतोय.

काकांनी गाडी चालू केली. दुसऱ्या बॅटरीला अजून काहीच जोडलेलं नव्हतं. फ्रीज नाही, पंप नाही, साधा दिवासुद्धा नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली. म्हणजे काट्याने जरासं उठायचं आणि परत शून्यावर येऊन बसायचं, शहाण्या मुलासारखं.

काटा उठला. पण बसला नाही.

काकांनी मीटरवर टिचकी मारली. काटा हलला, आणि होता तिथेच परत आला.

"कोण खातंय रे?" काका म्हणाले.

त्यांनी एकेक फ्यूज काढला. वायरिंगवाल्यांची ती जुनी रीत: फ्यूज काढत जायचे, ज्याच्यामागे काटा पडेल तिथे चोर. सगळे फ्यूज काढून झाले. काटा पडला नाही. वायर बोटाने चाचपत टोकापर्यंत गेले. कुठे सोललेली नाही, कुठे पत्र्याला टेकलेली नाही.

काका तणतणत भिंतीपाशी गेले. "ए पेंटर! तुझा पंखा माझ्या गाडीवर लावलास?"

"दाजी, माझा पंखा तुमच्या गाडीवर कसा लागेल?"

"ते मला विचारू नकोस! चोराने सांगायचं कशी चोरी केली ते!"

पेंटरने पंखा बंद करून दाखवला. काटा तसाच. मग पेंटरने हात जोडून दाखवले. काकांचा राग आणखी वाढला. चोर सापडला असता तर दोन शिव्यांत भागलं असतं. आता शिव्या तयार होत्या आणि घ्यायला कोणी नव्हतं.

३

दुपारी जेवण आटोपून काका गाडीत जाऊन बसले. इंजिन चालू. आवारात ऊन. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज. काका काट्याकडे डोळे वटारून बघत होते. नजरेच्या धाकाने काटा खाली येईल अशी बहुधा त्यांची समजूत असावी.

आणि काटा लुकलुकायला लागला.

जरा वर, जरा खाली. जरा वर, जरा खाली. एका ठेक्यात.

आयुष्यभर काट्यांकडे बघितलेला माणूस. आचाऱ्याला वासावरून फोडणी कळते तसा त्यांना काट्यावरून लोड कळायचा. हा ठेका त्यांनी हजार वेळा बघितला होता. गाडी वळताना आपण जो दिवा लावतो, लुकलुकणारा, त्याचा हा ठेका. इंडिकेटर.

त्यांनी आपल्या गाडीचा इंडिकेटर बघितला. बंद. उतरून पुढे जाऊन बघितलं, मागे जाऊन बघितलं. सगळे दिवे मुके.

परत आत येऊन बसले तोवर ठेका थांबला होता. आता काटा एका जागी होता पण मगाचपेक्षा वर. दोन मोठे दिवे लावल्यावर जेवढा जातो तेवढा वर. मग त्याच्यावर एक नवीनच झुलणं सुरू झालं. जाताना जड, येताना हलकं. जाताना जड, येताना हलकं.

"वायपर," काका पुटपुटले. "काच पुसतोय."

हे आपण काय बोललो ते त्यांच्या कानांनी ऐकलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. कोण पुसतोय? पट्टा सैल असेल. पुलीत खोट असेल. भंगारातला मीटर आणि भंगारातला अल्टरनेटर, दोघं संगनमत करून म्हाताऱ्याची चेष्टा करत असतील. काकांनी बॉनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक चालत्या अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आतलं बेअरिंग कुरकुरत असलं की असं लगेच ऐकू येतं.

बेअरिंग निर्मळ होतं. एकसारखं गुणगुणत होतं.

त्या गुणगुणण्याच्या पाठीमागे, लांब, चाकांखाली खडी दळली जात होती. कोरड्या काचेवरून रबर घासत होतं. आणि कुणीतरी माणूस पुटपुटत होता, गाडी चालवताना एकटा माणूस पुटपुटतो तसा. शब्द कळत नव्हते. सूर मात्र कळत होता. तो माणूस कुणावर तरी चिडलेला होता.

काकांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला केला. आवारात फक्त जीपचं इंजिन चालू होतं. परत लावला. परत खडी.

"पेंटर," काकांनी हाक मारली. न ओरडता मारलेली त्यांची ही पहिली हाक. पेंटर भिंतीवरून उडी मारूनच आला.

पेंटरने ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग काट्याकडे बघितलं.

"दाजी, ही दुसरीच गाडी आहे."

"ते मला दिसतंय!"

"रस्ता चुकलीय वाटतं. बघा ना, लाईट लावतोय, बंद करतोय. वळतोय, परत वळतोय. आणि हे काय, मध्येच उडी मारली काट्याने?"

"हॉर्न वाजवला."

"कुणाला?"

"मला काय विचारतोस? माझा पाहुणा आहे तो?"

काटा पुन्हा उसळला. मग पुन्हा, लांबलचक. समोर कुणी नसतानाही हॉर्नवरून हात न उचलणारा माणूस होता तो.

पेंटर हसला, पण हसणं अर्धवटच निघालं. "दाजी, अशी तर गाडी तुम्हीच चालवता."

४

दुसऱ्या माणसाने या जागी गाडी बंद केली असती, अल्टरनेटर काढून पोत्यात घातला असता आणि पोतं विहिरीत. पण काकांची जात वेगळी. भीती त्यांच्या अंगात शिरायची ती रागाचेच कपडे घालून. संध्याकाळचं ऊन भिंतीवर चढलं तोवर काकांची खात्री झाली होती की यात भ्यायचं काही नाही, अपमान मात्र पुष्कळ आहे.

"अल्टरनेटर मी बसवला. ब्रॅकेट मी केलं. डिझेल माझ्या पोरीचं जळतंय. आणि हा कोण कुठला, माझ्या करंटवर दिवे लावून, काच पुसत, हॉर्न वाजवत हिंडतोय? फुकट्या! समोर असता तर कान उपटला असता!"

"समोर नाहीये ते बरं आहे की," पेंटर म्हणाला.

"बरं काय त्यात? समोर यायला हवा!"

आता काकांची एक सवय सांगायला हवी. गाडीचं काम झालं की ते बॅटरीच्या वायरचं टोक गाडीच्या लोखंडाला तीनदा निसटतं लावायचे. चट्, चट्, चट्. तीन ठिणग्या. वायर जिवंत आहे याची ती परीक्षा, पण सगळ्या गल्लीला ती घंटाच झाली होती. समोरच्या चहाच्या दुकानात बसलेलं गिऱ्हाईक त्या आवाजाला कप ठेवून उठायचं. चट् चट् चट्, म्हणजे तुमचं झालं, या.

रागाच्या भरात काकांनी दुसऱ्या अल्टरनेटरची वायर सोडवली, टोक हातात धरलं आणि ओरडले, "हिंमत असेल तर ये इथे! ये गॅरेजला, बघतो तुला!"

आणि हाताने जे केलं ते सवयीने केलं. चट्, चट्, चट्.

काटा शून्यावर पडला.

पलीकडे कुणीतरी ब्रेक लावला असावा अशी शांतता. काकूंनी स्वयंपाकघरात नळ बंद केला तो आवाज ऐकू आला.

मग काटा उसळला. एकदा, दोनदा, तीनदा. आखूड हॉर्न.

"ऐकलं त्याने," पेंटर म्हणाला.

काटा लुकलुकू लागला. इंडिकेटर. बराच वेळ, मोठं वळण घेताना चालू राहतो तसा. मग थांबला. मग मोठे दिवे, आणि त्यानंतर चुकणं, परत वळणं काहीच नाही. दिवे लावून सरळ, एका दिशेने.

पेंटर जीपपासून दोन पावलं मागे सरकला. "दाजी, त्याला रस्ता सापडत नव्हता. तुम्ही दाखवलात."

काकांनी तेव्हा हातातल्या वायरकडे बघितलं. वायर अजून सुटलेलीच होती. काटा तिच्यावाचूनच चालला होता.

५

मग काकांनी पट्टा काढला. अल्टरनेटर फिरायचा थांबला, थंड झाला. काटा चालूच. अल्टरनेटर ब्रॅकेटवरून उतरवून बाकावर ठेवला, वर गोणपाट टाकलं. काटा चालूच. मीटर काढून दुसरा लावला. दुसऱ्या मीटरनेही तोच काटा दाखवला, जणू दोघांना एकाच मास्तरने शिकवलं होतं. इंजिन बंद होतं. सगळं बंद होतं.

काढून उपयोग नाही हे कळल्यावर काकांनी सगळं मुकाट्याने परत बसवलं. तेवढं एकच काम त्यांनी त्या आठवड्यात न बोलता केलं.

लेक सामान भरायला लागली. बाटल्यांच्या पेट्या, दोर, पाण्याचे कॅन. काका गाडीभोवती घिरट्या घालत होते. मधूनच बॉनेट उघडायचे, स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचे आणि बॉनेट आपटून बंद करायचे. खडीचा आवाज गेला होता. आता डांबर होतं, गुळगुळीत. पुटपुटणं मात्र जवळ आलं होतं.

"ठमे, जाऊ नकोस."

"का?"

का ते सांगता येईना. काय सांगणार? दुसऱ्या अल्टरनेटरवर एक गाडी येतेय?

"वायरिंगमध्ये जरा..."

"जरा काय?" लेक पेटी खाली ठेवून समोर उभी राहिली. "खोट आहे?"

आता बघा कसा पेच. खोट आहे म्हणावं तर पोरगी थांबेल. पण हे शब्द काकांच्या गळ्यातून खाली गेले असते, वर आले नसते. आयुष्यात त्यांनी आपल्या कामाला खोट म्हटलं नव्हतं, आणि खरंच या कामात खोट नव्हती. वायर न् वायर त्यांनी बोटाने तपासली होती.

"माझ्या कामात खोट? कोण म्हणतो?"

"मग मी जाते."

"जा! पण मी बरोबर येणार."

लेक हसायलाच लागली. "तुम्ही? माळावर? तंबूत झोपणार? डास चावला तर डासाच्या आईला शिव्या घालणार?"

"हसू नकोस! माझी गाडी, माझं वायरिंग..."

"गाडी ऑफिसची आहे बाबा."

"वायरिंग माझं आहे! मी येणार म्हणजे येणार!"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना अल्टरनेटरचं काही माहीत नव्हतं, पण नवऱ्याच्या ओरडण्याचे प्रकार माहीत होते. ओरडणं त्यांनी नीट ऐकलं, आणि लेकीला म्हणाल्या, "ने ग त्यांना. ते घाबरलेत."

"कोण घाबरलंय?" काका गरजले, आणि त्यांचा आवाज चिरकला.

लेकीने बापाकडे जरा निरखून बघितलं. चेष्टा थांबवली. "बरं. चला. पण शेजारी गप्प बसायचं."

६

निघायच्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. लेक घरात तिच्या पिशव्या बांधत होती. काकांनी जीप चालू केली, शेवटचं एकदा सगळं बघायला. पेंटर भिंतीच्या पलीकडे एका दरवाजावर रंग फवारत होता.

काटा वर होता. मोठे दिवे.

काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला नाही. लावायची गरज नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. ते सीटवर बसले आणि नुसते बघत राहिले.

काटा जरा थरथरला. गाडी गतिरोधकावरून गेली की दिवे जसे क्षणभर दचकतात तसा. गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक होता. मान वळवून बघायची नाही असं काकांनी ठरवलं आणि मान वळवून बघितलं. गल्ली रिकामी. चहाच्या दुकानासमोर एक कुत्रं उभं राहून गॅरेजकडे बघत होतं.

लुकलुक. लुकलुक. डावीकडे की उजवीकडे ते काटा सांगत नाही.

मग मोठे दिवे गेले. लुकलुक थांबली. काटा खाली येत येत शून्याच्या अगदी वर थांबला. केसभर वर.

केसभर लोड फक्त एकाच दिव्याचा असतो. दार उघडलं की गाडीच्या छताला लागणारा छोटा दिवा.

काटा तिथेच राहिला. एखाद्या माणसाला आरामात उतरायला, कंबर सरळ करायला लागतो तेवढा वेळ.

मग काटा शून्यावर बसला. शहाण्या मुलासारखा.

काका बघत राहिले. टिचकी मारली. शून्य. पाय दाबून इंजिन वाढवलं. शून्य. फ्रीजची वायर जोडली. काटा फ्रीजपुरता उठला, वायर काढली तसा बसला. जसं व्हायला पाहिजे तसं, पुस्तकात छापल्यासारखं.

"गेला!" काका ओरडले. "पेंटर! गेला! फुकट्या गेला!"

पेंटरचा फवारा थांबला. तो भिंतीपाशी आला.

"कसा गेला?"

"दिवे घालवले, दार उघडलं, दार लावलं, खेळ खलास! बघ, शून्य! अरे मीटरमध्ये कचरा होता कचरा. जळून गेला असेल. मी म्हणतच होतो."

"तुम्ही असं काहीच म्हणत नव्हता." पेंटर काट्याकडे बघत होता. मग त्याने आवारात नजर फिरवली. बाकाखाली, ड्रमांमागे, जीपच्या पलीकडे. "दाजी... दार उघडून तो गेला की उतरला?"

"तू रंग मार!" काका कडाडले. इतक्या दिवसांनी कडाडताना त्यांना मजा आली. "आनंदात विरजण घालायला उभा राहतो! बायकांसारखा घाबरट!"

"ताई तुमच्यापेक्षा कमी घाबरते," पेंटर म्हणाला, आणि गेला.

लेक पिशव्या घेऊन बाहेर आली. "बाबा, झालं?"

"झालं! फर्स्टक्लास! दोन्ही मीटर बघ. आता माळावर काय, चंद्रावर ने."

"मग तुम्ही नाही येत?"

न जायला आता कारण होतं. पण पोरगी एकटी, आणि एकदा येतो म्हटलेलं.

"येणार तर! हात धुऊन येतो."

७

हाताला ग्रीस होतं. गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात दगडी मोरी होती, तिच्यावर नळ. काकांनी आधी रॉकेलचा बोळा चोळला, मग साबण. नखांत शिरलेलं काळं निघता निघत नव्हतं. ते गुणगुणत होते. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

बाहेरून लेकीचा आवाज आला. "चला की लवकर!"

"आलो आलो!" काका ओरडले. नळ जोरात होता.

जीपचं दार लागलं. एक. जराशाने दुसरं.

काकांचा हात साबणात थांबला. मग त्यांना वाटलं, पिशव्या ठेवत असेल मागे. त्यांनी हात धुतले, फडक्याला पुसले, फडकं जागेवर टाकलं. इंजिनाचा आवाज वाढला. खडीवरून चाकं फिरली.

"अगं थांब!" काका धावतच बाहेर आले.

जीप फाटकातून वळली होती. ड्रायव्हरच्या शेजारच्या खिडकीतून एक कोपर बाहेर आलं होतं. मळक्या निळ्या शर्टाची बाही, वर दुमडलेली. कोपराच्या वर एक हात, त्या हाताचं एक बोट, आणि ते बोट हवेत नाचत होतं. कुणाला तरी झापताना नाचवतात तसं. जीप गल्लीच्या तोंडाशी गेली, गतिरोधकावर उसळली, इंडिकेटर लुकलुकला आणि ती दिसेनाशी झाली.

काकांनी स्वतःच्या अंगावरच्या निळ्या शर्टाकडे बघितलं.

काकू फाटकापाशी हात हलवत उभ्या होत्या. हात खाली करून त्या वळल्या आणि त्यांना काका दिसले. हात अर्ध्यावरच राहिला.

"तुम्ही..."

"मी काय? ती मला सोडून कशी गेली? कोण बसलंय तिथे?"

"तुम्ही बसलात," काकू म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर. मी डबा दिला हातात. झाकण घट्ट लावलं नाही म्हणून ओरडलात माझ्यावर."

"मी मोरीवर होतो!"

काकूंनी त्यांच्या ओल्या हातांकडे बघितलं. मग गल्लीकडे. "अहो, मग डबा मी कुणाला दिला?"

भिंतीच्या पलीकडे पेंटर उभा होता. त्याच्या हातातल्या फवाऱ्यातून रंग खाली गळत होता, त्याच्याच चपलेवर. "मी हात केला," तो म्हणाला. "दाजींना. आणि दाजींनी मला हात केला." त्याने फवारा भिंतीवर ठेवला. "मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तुम्ही मला कधी हात केलाय?"

"फोन लाव!" काका ओरडले. "तिला फोन लाव!"

काकूंच्या बोटांना आकडा सापडेना. पेंटरने फोन घेऊन लावला. वाजला. परत वाजला. लेकीने उचलला, आणि मागे जीपचं इंजिन, एकसारखं, निर्मळ.

"हं आई, काय विसरलं?"

"अगं... तुझ्या शेजारी..." काकूंनी फोन घेऊन विचारलं.

"बाबा? आहेत की. आई, आज जादूच झालीय, निघाल्यापासून नुसते चिडतायत पण मधूनच गाणं म्हणतायत."

काकांनी फोन ओढून घेतला. छाती भरून श्वास घेतला. गाडी थांबव, उतर, पळ, सगळं एकदम सांगायचं होतं. पण इतक्या वर्षांचा बाप तो. पोरगी गाडी चालवतेय आणि फोन कानाला आहे, हे कळल्याबरोबर तोंडातून पहिलं जे यायचं तेच आलं.

"ठमे, गाडी चालवताना फोनवर बोलायचं नाही, किती वेळा सांगितलं? ठेव तो!"

आणि काकांच्या आवाजाच्या अंगावर अंग टाकून, शब्दाला शब्द लावून, तोच राग, तोच चिरका सूर, तेच वाक्य पलीकडून तिच्या शेजारूनही आलं.

"हो बाबा," लेक म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.